भिंतीवरून शेवटी कोण?

सैनिकी अकादमीच्या अर्जाला भूमितीच्या बाईंचं शिफारसपत्र हवं होतं, आणि त्यात नेतृत्वाचा एक खरा प्रसंग लागत होता. त्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नव्हता. मुलगी ढाली आणि बिल्ले पिशवीत भरूनच स्टाफरूममध्ये आली.

"ही वक्तृत्वाची ढाल, बाई. शिवाय मी मॉनिटर होते."

"मॉनिटर मीच केलं तुला, तुझी बडबड थांबावी म्हणून. दुसरं काही?"

मुलगी पिशवीतले बिल्ले चाचपू लागली.

"मागच्या महिन्यात माझ्या तासाला अख्खा वर्ग मागच्या भिंतीवरून पसार झाला. बेत कोणाचा होता?"

मुलीने ढाल परत पिशवीत ठेवली. आता कसली अकादमी! "माझा," ती पुटपुटली.

"आणि भिंतीवरून शेवटी कोण गेलं?"

"मीच. गोट्याला चढता येत नव्हतं, त्याला खालून ढकलत होते."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे वरच्या खिडकीतून मला दिसलं ते बरोबर होतं. हेच लिहिते."

"खरंच, बाई?"

"खरंच. पण तो तास अजून बाकी आहे. शाळा सुटल्यावर सगळ्यांना घेऊन ये, मग सही करते."

शाळा सुटली. एकेक जण कुरकुरत वर्गात शिरला, बाकं भरली. बाई पेन हातात धरून दाराकडे बघत राहिल्या.

गोट्याला मागून ढकलत ती सगळ्यांत शेवटी आत आली.