तांबडी पालवी

"हे चित्र माझं नाही," आनंदराव म्हणाले.

गोपिकाबाई चहाची कपबशी घेऊन दारातच थांबल्या.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आनंदरावांना जाड भिंगांचा चष्मा त्याच सकाळी मिळाला होता. दवाखान्यातून सक्करदऱ्याच्या घरी आले, ते चपला न काढता सरळ चित्रांच्या खोलीत शिरले. प्रदर्शनाची चित्रं भिंतीला टेकून उभी होती. सगळी वसंत ऋतूची. ती न्यायला उद्या माणसं येणार होती.

"तुमचंच आहे. खाली सही पाहा ना," गोपिकाबाई म्हणाल्या.

सही त्यांचीच होती. वाकडी, चाचपडत केलेली. पण झाड त्यांचं नव्हतं. ड्रॉइंग मास्तर म्हणून जन्मभर त्यांनी पोरांना शिकवलं होतं, वसंत म्हणजे पोपटी हिरवा. या कुसुमाच्या झाडाची पालवी तांबडी होती, ओली, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या तळव्यासारखी. नाक कॅनव्हासला लागेल इतके ते वाकले. ब्रशचे फटकारे उजवीकडून डावीकडे चढत गेले होते, डावखुऱ्या हाताचे. दुसऱ्या चित्रातही तसेच. तिसऱ्यातही.

त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. कपबशी तिच्या डाव्या हातात होती.

"तू?"

बशीत चहा सांडला.

"काहून वं?"

"मागच्या फागुनात तुमचे दोस्त मनोहरराव आले होते चित्र पाहाले," गोपिकाबाई खाली बघत म्हणाल्या. "तोंड फिरवून हासले. तुम्हाले दिसलं नाही. मले दिसलं. मंग तुम्ही दुपारी निजले, की मी..."

आनंदराव स्टुलावर बसले. मास्तरांच्या झाडांना या वयात नवी पालवी फुटली आहे, असं प्रदर्शनाच्या बातमीत पेपरात छापून आलं होतं. ते हिनंच वाचून दाखवलं होतं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, तेव्हा तिनं पुन्हा वाचलं होतं. आवाजही हलला नव्हता तिचा.

"यातलं एक तरी माझं आहे का?"

गोपिकाबाई कपाटामागे गेल्या आणि एक कॅनव्हास ओढून घेऊन आल्या.

"याले मी हात नाही लावला. तुमचं एक राहू द्यावं वाटलं."

खाप्याजवळचा, कन्हान नदीच्या काठावरचा पळस. ती सकाळ त्यांना लख्ख आठवत होती. नजर अधू झालेली, तरी झाड असं पेटलं होतं की हात थांबेना. इतका लाल आपण कधी लावलाच नाही, असं घरी येऊन त्यांनी सांगितलंही होतं.

कॅनव्हासवर शेणासारखा तपकिरी रंग थापलेला होता. फूल कुठलं, फांदी कुठली, काही कळत नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला. पुन्हा लावला. चित्र तेच.

"मले तर लाल दिसून राहिला होता वं," ते म्हणाले.

चहा थंड झाला. आनंदरावांनी पळसाचं चित्र उचलून दाराजवळ नेऊन ठेवलं.

"उद्या हे दे त्याइले," शेवटी आनंदराव म्हणाले. "माह्या नावानं हेच जाईन."

"अन् बाकीचे?"

"माह्या सहीवर रंग फिरव. तुही सही कर."

"लोक काय म्हणतीन?"

त्यांनी ब्रश उचलून तिच्यापुढं धरला. गोपिकाबाईंनी तो घेतला. कुसुमाच्या बुंध्याशी असलेली सही मातीच्या रंगाखाली गेली. मग त्यांनी ब्रश पुसला, काळ्या रंगात बुडवला. आनंदराव त्या जाड भिंगांतून त्यांच्या हाताकडे एकटक पाहत होते.

वर्षभर झाडांना भराभर पालवी फोडणारा तो हात 'गो'च्या पहिल्या रेघेवर थांबला.