कुणालाच आत सोडायचं नाही

भागी आजही आली. स्वातीने तिला लांबूनच पाहिलं आणि गेटचा छोटा दरवाजा ओढून घेतला.

"चुलीला फाटी नाय गं बाय. जरा आत जाऊन चार काटक्या आनते," भागी म्हणाली.

"आत जाता येनार नाय."

"काल पन तेच बोललीस."

"उद्या पन तेच बोलीन."

भागी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली, थोडा वेळ पुटपुटली आणि निघून गेली. केबिनमधून सुपरवायझर चंद्रभान हे सगळं बघत होता. त्याचा चहा नेहमीपेक्षा गोड झाला असावा.

बोईसरच्या बाहेर, तारापूरच्या अंगाला ही नवी कंपनी उभी राहत होती. कुंपणाच्या आत गेलेल्या जागेत पाड्यावरच्या बायका पिढ्यान् पिढ्या लाकडं वेचायच्या, गुरं चारायच्या. भिंत झाली, पण पायांना जुनीच वाट ठाऊक. याआधी गेटवर ठेवलेल्या पाड्यावरच्या दोघा पोरांनी पहिल्याच आठवड्यात काक्या-माम्यांना आत सोडलं आणि नोकरी घालवून बसले. तेव्हापासून स्थानिक माणूस म्हटलं की कंपनीच्या कपाळाला आठ्या.

तरी आसपासच्या पाड्यांतल्या मुलींनी हट्टाने स्वतःची संस्था काढली. कवायत शिकल्या, पहारा शिकल्या. वीटभट्टीवर जायचं नाही, ठेकेदाराच्या हाताखालीही नाही. गेटचं काम घ्यायचं ते आपल्या संस्थेच्या नावावर. कंपनी म्हणाली, एका मुलीला तीन महिने ठेवून बघू. ती आपल्या माणसांना अडवते असं दिसलं, तर सगळ्या गेटांचं काम संस्थेला. नाहीतर राम राम. ती एक मुलगी म्हणजे स्वाती. सगळ्याजणींच्या पोटापाण्याचं ओझं तिच्या खांद्यावर होतं, आणि त्यावर एक ढगळ गणवेश.

भागीची कारणं मात्र रोज नवी. कधी गाय आत शिरलेली, कधी कोयता आत राहिलेला, कधी ओहोळात खेकडे धरायचे. तिच्याकडे गाय होती का, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. स्वाती अडवायची, आवाज चढवायची, आणि बघणाऱ्याला वाटायचं, पोरगी दगडाची आहे.

"हिचं आत आहे तरी काय?" चंद्रभानने एकदा विचारलं. तो जळगावकडचा. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही नोकरी टिकवायची होती.

"पोर पुरलेलं हाय तिचं. शेडच्या मागं, आंब्याखाली."

"ओळखीची आहे का तुझ्या?"

"पाड्यावर सगळीच वळखीची, साहेब. आडनावं पन सगळ्यांची एकच."

"आणि तरी अडवतेस," चंद्रभान म्हणाला. "शाबास."

तीन महिने भरत आले तेव्हा मुंबईहून मोठे साहेब यायचं ठरलं. त्या दिवशी स्वाती उजाडायच्या आत घरून निघाली. बूट पुसले, वेणी आवळून बांधली. शेडमागे सकाळपासून लाकूड कापायच्या यंत्राचा आवाज चालला होता, पण आत झाडझाडोरा काढायचं काम रोजचंच होतं आणि गेटवरून तिकडचं काही दिसतही नसे. तिचे कान रस्त्याकडे लागलेले. आज काही चुकलं तर कुठल्या तोंडाने घरी जायचं, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

साहेबांची गाडी वळणावर दिसली आणि त्याच वेळी भागी आली, धापा टाकत. काखेत रिकामी टोपली. आज तिच्याजवळ कारण नव्हतं.

"जाऊ दे. आजच्या दिवस जाऊ दे गं."

"मागं हो."

"लगेच येते बाहेर. तुझ्या पाया पडते."

गाडीसाठी गेट उघडावंच लागलं. उघडताक्षणी भागी आत घुसली. स्वातीने तिचा दंड पकडला, फरफटत मागे आणलं आणि बाहेर ढकललं. भागी गुडघ्यांवर आपटली. टोपली घरंगळत नाल्यात गेली. ती गेटचे गज धरून मोठ्याने रडायला लागली. स्वातीने कडी लावली.

मोठ्या साहेबांनी गाडीची काच खाली केली होती. "यांचं माणूस यांनीच अडवलेलं बरं," ते चंद्रभानला म्हणाले. "आपल्यावर काही येत नाही."

संध्याकाळी चंद्रभानने स्वातीच्या हातावर पेढा ठेवला. सगळ्या गेटांचं काम संस्थेला मिळालं होतं.

पाड्यावर पोचेपर्यंत बातमी तिच्या पुढे गेली होती. मुलींनी तिला गराडा घातला, ओढली, नाचवली. आता कुणाला भट्टीवर जायला नको होतं. हसून हसून तिचे गाल दुखले. मग त्या गर्दीतून सुटून ती आपल्या झोपडीत शिरली.

भागी चुलीपुढे बसली होती. दोन्ही गुडघ्यांना हळद लावलेली.

स्वातीने तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले. "आये, लय जोरात ढकललं ना गं मी? पन जमलं आपलं. आता तुला रोज येऊन सोंग करायला नको." तिचे डोळे भरून आले होते, तरी ती हसत होती. "आनि रडलीस काय आज. मला पन खरं वाटलं."

भागीने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तू गेल्यावर शेजारची हंसा सांगत आली, शेडमागचा आंबा कापतात म्हनून," ती म्हणाली. "आज मी तुझ्या भावाला आनायला आलेली."