रात्री कोण उठतं

सिस्टर रोहाना व्हेंटिलेटरच्या पडद्यावर बोट सरकवत आकडे वाचत होत्या आणि सुचित्रा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बारावीच्या निकालालाही तिची अशी गाळण उडाली नव्हती. प्रबोध, तिचा नवरा, दारात उभा होता. शनिवार असूनही इस्त्रीचा शर्ट घालून.

पलंगावर त्यांची इरा होती. वय वर्षं नऊ. स्नायूंच्या आजाराने तिची छाती श्वास ओढेनाशी झाली, तेव्हा गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवली, आणि नळीला हे यंत्र. नळीत कफ साचला की अलार्म वाजतो. मग कुणीतरी उठायचं आणि सक्शनच्या बारीक नळीने कफ ओढून काढायचा. कफ निघाला नाही तर पोरीला पुरेशी हवा मिळत नाही, इतकं ते सरळ आहे.

चौदा महिने ती वॉर्डात होती. शेवटी शेवटी भिंतीकडे तोंड करून पडायची, कुणाशी बोलायची नाही. म्हणून तर घरी आणलं. पण सोडताना तिच्यासमोरच सिस्टरांनी बजावलं होतं : तीन महिन्यांनी यंत्रातली नोंद काढू, अलार्म मिनिटाच्या वर वाजत राहिलेला दिसला, तर मुलगी परत वॉर्डात. आज ते तीन महिने भरले होते.

आणखी एक गोष्ट सिस्टरांनी सांगितली होती. कोण कुठल्या रात्री उठणार, त्याचा तक्ता करून फ्रीजवर लावा. प्रबोधने मान डोलावली आणि तक्ता काही केला नाही. आंग मो किओ भागातल्या ऑफिसात तो वीस माणसांच्या पाळ्या लावायचा. पण घरात? नवरा-बायकोत कसल्या आल्यात पाळ्या! ज्याला जाग येईल तो उठेल. सुचित्रालाही ते पटलं. पोटच्या पोरीचे वार वाटून घ्यायचे, म्हणजे भावाभावांनी म्हातारी आई वाटून घेतल्यासारखंच की. झोपताना आणि पहाटे पाचला दोघं मिळून कफ काढत. मधल्या वेळासाठी एका बाजूला बेडरूममध्ये ती, दुसऱ्या बाजूला हॉलच्या सोफ्यावर तो, मधे इराची खोली. दारं सताड उघडी.

"रात्रीचे दोनशे बारा अलार्म," सिस्टर इंग्रजीत म्हणाल्या. "आणि एकही मिनिटाच्या वर नाही. पहिला सोडला तर सगळे चार-पाच सेकंदांत बंद. यू ऑल व्हेरी फास्ट, आह!"

सुचित्राचा जीव भांड्यात पडला. तिने प्रबोधकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. तोही तिच्याकडे अगदी तसाच बघत होता.

सिस्टरांनी बॅगेतून फॉर्म काढला. हॉस्पिटलची नवी योजना होती. आजारी मुलाची रात्र सांभाळणाऱ्या आईला किंवा वडिलांना नर्ससारखाच पगार. दोघांपैकी एकालाच. सुचित्राने इरासाठी नोकरी सोडली होती, त्यामुळे हा फॉर्म त्या घराला हवाच होता. सिस्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "नाईट केअरगिव्हर. हूज नेम आय पुट?"

"सुचित्रा," प्रबोध म्हणाला.

"प्रबोध," सुचित्रा म्हणाली. दोघं एकाच वेळी बोलले आणि एकाच वेळी हसले.

"अरे, उगाच काय माझं नाव!" ती म्हणाली. "अलार्म वाजतो न वाजतो तोच तू पोचलेला असतोस. मी कूस बदलते आणि परत झोपते. खरं तर लाज वाटते मला."

प्रबोधचं हसू मावळलं. "मी नाही उठत गं," तो हळूच म्हणाला. "आवाज लगेच थांबतो. मला वाटतं, तू गेलीस."

तीन महिने त्या घरात भांडण झालं नव्हतं, ते यामुळे. तो बिचारा रात्रभर जागतो म्हणून ती त्याचा डबा जीव लावून भरायची. ती बिचारी जागते म्हणून तो आल्या आल्या भांडी घासायचा. इतके चांगले वागत होते दोघं एकमेकांशी. आता दोघांनाही तो चांगुलपणा गिळवेना.

सिस्टरांना मराठी येत नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते. त्यांनी सोफा ते पलंग अंतर नजरेनं मोजलं. मग यंत्रावरचं आवाज बंद करायचं बटण पाहिलं. मग त्या बटणापासून वीतभर अंतरावर असलेला इराचा उजवा हात. इराने तो पांघरुणात ओढून घेतला.

त्या बटणाने फक्त आवाज बंद होतो. कफ जागच्या जागी राहतो. आपोआप सरकेपर्यंत तशीच पडून राहायची ती, अर्ध्या श्वासावर. दोनशे बारा वेळा.

सिस्टरांनी पेनाला टोपण लावलं.

सुचित्रा पलंगाशी गुडघ्यांवर बसली. "बाळा, वाजू का नाही दिलंस गं? आम्ही आलो असतो ना!"

इरा आईकडे बघत राहिली. यंत्राने श्वास भरला की तिला तीन-चार शब्द मिळत, तेवढेच ती बोले. रागावलेली मुळीच नव्हती. आईला वाईट वाटू नये, अशा बेताने तिने सांगितलं.

"पहिल्या रात्री दिलं ना, आई. मी फिफ्टीपर्यंत मोजलं. कोणीच नाही आलं."