गरम इंजिन

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढं या; ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही. एका टपालवाल्याची आहे. जन्मभर दारोदार चालला, निवृत्त झाला, आणि पाय काही ऐकेनात. देवानं पायाला भिंगरी बांधून पाठवलेला माणूस तो. खुर्चीत बसला तरी गुडघा हलतच असायचा. शेवटी त्यानं ठरवलं, बोट घ्यायची. जुनी चालेल, पण मोटरची हवी.

बोटी पुष्कळ पाहिल्या. एकीत कुबट वास, एकीची फळी टाचेखाली दबली, एकीला कालच रंग फासलेला. बोट मिळेना, पण दोर मात्र त्यानं आधीच घेऊन ठेवला होता, नवाकोरा, पिवळाधमक. बायको म्हणायची, म्हशीचा पत्ता नाही आणि दावं घेऊन गावभर हिंडतायत.

त्या दिवशी दोघं कप्तानच्या धक्क्यावर आली, तीही ठरल्या वेळेच्या बरंच आधी. कप्तान हे लोकांनी ठेवलेलं नाव. आयुष्यभर तो शाळेत सुतारकाम करत होता. आता नजर अधू झाली, पाण्यावर जाणं बंद झालं, म्हणून बोट विकायला काढलेली. पांढरी, निळ्या पट्ट्याची, बाकांच्या कडा हातानं घासून गुळगुळीत केलेल्या. टपालवाल्याचा जीव तिच्यात अडकला तो अडकलाच.

पण त्याच्या मेव्हण्यानं, गॅरेजवाल्यानं, एक गोष्ट बजावून ठेवली होती. जुनं इंजिन घेताना आधी त्याला हात लाव. थंड असेल तर पुढचं बोल. गरम असेल तर समज, तू यायच्या आत चालवून ठेवलंय, थंड असताना ते खोकतं हे तुला कळू नये म्हणून. तिथून उलट्या पावली फिर.

टपालवाल्यानं झाकण उचललं आणि हात लावला. गरम होतं.

त्याचा चेहरा उतरला. बायकोला न सांगता कळलं. तिनं पिशवी खांद्यावर घेतलीसुद्धा. त्यानं कप्तानला विचारलं, सकाळीच चालवलंत वाटतं?

"रोज चालवतो," कप्तान म्हणाला. "बांधल्या जागीच."

त्यानं वर बोट दाखवलं. धक्क्याला लागूनच त्याचं घर, वरच्या मजल्यावर एक उघडी खिडकी. तिथं त्याची बायको अंथरुणाला खिळलेली होती. पूर्वी तो पाण्यावरून परतला की इंजिनाला दोनदा रेस द्यायचा, आणि ती चहा टाकायची. आता तिला मुलाचा चेहराही आठवत नाही. पण तो आवाज कानी पडला की उठून बसते, चार घास खाते. नाही पडला तर भिंतीकडं तोंड करून पडून राहते.

"मोबाईलवर आवाज भरून लावून बघितला," कप्तान म्हणाला. "म्हणाली, तो रेडिओ बंद करा."

टपालवाला हसला नाही. ही गोष्ट खरी असेल, नाहीतर विकणाऱ्याची गोड थाप असेल. आणि पहिली बोट काही थापेवर घेता येत नाही. तो म्हणाला, इंजिन गार होऊ द्या, मग चालू करून बघू. कप्ताननं एका शब्दानंही आढेवेढे घेतले नाहीत.

आता थांबणं म्हणजे आपल्या टपालवाल्याला वनवास. धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घातल्या. दोराला गाठी मारल्या, सोडल्या. तापल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तसा घडोघडी इंजिनाला हात लावला. बायको कंटाळून वर आजारी बाईपाशी जाऊन बसली. मध्येच कप्ताननं विचारलं, बोट बांधणार कुठं? आमच्या घराजवळ, खाडीच्या पलीकडं, टपालवाला म्हणाला.

"बरं," कप्तान म्हणाला. जरा वेळानं आपणहूनच म्हणाला, तिकडं वारा कमी असतो. आणि उभी बोट सडते, चालवणाऱ्याच्याच हाती जावी.

उन्हं कलली तेव्हा इंजिन गार झालं. टपालवाल्यानं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली. जुनं इंजिन पहिल्याच हाकेला ओ देऊन उठलं. ना खोकला, ना धूर. त्याचे डोळे लकाकले. धक्क्यावरून कप्तान हळूच म्हणाला, "दोनदा रेस द्या."

त्यानं दिली.

वरच्या खिडकीतून बारीक आवाज आला, "आलात का?"

कप्तान टपालवाल्याला म्हणाला, "किल्ली तुमच्या हातात आहे. उत्तर तुम्ही द्यायचं."

लोकांच्या दारात उभं राहून जन्मभर जशी हाक दिली होती, तशी टपालवाल्यानं दिली. "आलो."

वरून आवाज आला, "आज उशीर केलात."

टपालवाल्याची बायको खिडकीशी आली. त्याच्याकडं बघत राहिली.

त्यानं इंजिन बंद केलं आणि पिवळा दोर घेऊन धक्क्यावर उतरला. खुंटाला कप्तानचा दोर होता, पाण्यानं काळा पडलेला. त्याच खुंटाला, त्या दोराला लागूनच, त्यानं आपली गाठ मारली आणि ओढून पाहिली.

"सकाळी किती वाजता यायचं?" त्यानं विचारलं.

एवढीच गोष्ट. आता उठाल, आपापल्या घरी जाल. देवापुढं हात जोडाल तेव्हा खिडकीकडं कान लावून पडलेल्या त्या म्हातारीचीही आठवण असू द्या.