रिकामी वाळू

“सत्य वाळूखाली कायमचं गाडता येत नाही. दहा हजार वर्षांनी का होईना, ते वर येतं,” असं म्हणून नीळकंठांनी बूट झटकला. सगळी वाळू सुनीतीच्या थालीपिठावर पडली.

“काका, सत्य दाताखाली येतंय,” सुनीती म्हणाली आणि खात राहिली.

दोघं वाळवंटात बसली होती. म्हणजे डच लोक ज्याला अभिमानानं आपलं वाळवंट म्हणतात, त्यात. चहूकडे पाइनची झाडं, एका कडेला सायकल स्टँड, दुसऱ्या कडेला पॅनकेकचं हॉटेल. पण वाळू खरी होती आणि संरक्षितही. खणायला बंदी. फक्त चालायचं आणि बघायचं. स्वयंसेवक एका रांगेत, आपापला पट्टा धरून चालत. अश्मयुगातल्या माणसानं घडवलेली गारगोटी दिसली, की शेजारी नारिंगी झेंडी रोवायची. गारगोटी उचलायची नाही. हा पहिला नियम, आणि दुसरा नव्हताच.

नीळकंठ जवळच्या बेस्ट गावातल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून इथं येत. सुनीती ही पाहणी चालवणारी संशोधक. वसंत ऋतूपासून एकही झेंडी लागली नव्हती. तिचं कंत्राट याच महिन्यात संपत होतं. उद्या, रविवारी, शेवटची फेरी. त्यानंतर कंत्राट वाढवायचं की नाही ते या संरक्षित उद्यानाच्या प्रमुख मारैके बाई ठरवणार होत्या. त्या नाही म्हणाल्या, तर सुनीतीला गाशा गुंडाळून पुण्याला जावं लागणार होतं.

“आणि उद्याही काही नाही सापडलं तर?” नीळकंठांनी विचारलं.

“तर काही नाही म्हणून सांगायचं. पण तेसुद्धा सिद्ध करावं लागतं, काका.”

पोरगी उसनं अवसान आणून बोलतेय, असं नीळकंठांना वाटलं.

संध्याकाळी सगळे पांगले. नीळकंठ विसरलेला थर्मास न्यायला परत आले, तेव्हा सुनीती वाळूत एकटीच वाकलेली दिसली. हातात सुपरमार्केटची पिशवी. पिशवीतून एकेक गारगोटी काढायची, वाळूत अर्धी दाबायची, वरून हात फिरवायचा, पुढं सरकायचं.

नीळकंठ एका झाडामागं लपले. झाड बारीक होतं, पण सुनीतीची पाठ होती.

ती फोनवर तिच्या गाइडशी, राजन सरांशी बोलत होती. “हो सर, ठेवल्या. कोणाला संशय नाही येणार. नीळकंठकाका? छे, त्यांना तर मुळीच सांगायचं नाही.”

मे महिन्यात ती गारगोट्या घडवायला शिकायच्या शिबिराला गेली होती. बोट कापून आली, तेव्हा नीळकंठांनी हळद लाव म्हणून सांगितलं होतं. हळद कोणत्या कार्याला लागली ते आता कळलं.

गेल्या वर्षी रायस्वाइक गावात मराठी मंडळाच्या गणपतीत तिचं व्याख्यान त्यांनीच ठेवलं होतं. ‘आमची मुलगी’ अशी ओळखही त्यांनीच करून दिली होती. त्यांच्या पत्नी जयंतीबाई दर शनिवारी तिच्यासाठी थालीपीठ लावत. आणि मुलगी वाळूत खोटं अश्मयुग पेरत होती.

मारैके बाईंना सांगावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण असली भानगड उघडी पडली, की पुढं कुठलंच विद्यापीठ तिला दारात उभं करणार नाही. नोकरी गेली तर गेली, नाव तरी राहू दे.

सुनीती गेल्यावर नीळकंठ तिच्या पावलांच्या ठशांवरून निघाले. जूनचा उजेड लांबलचक होता. प्रत्येक गारगोटीच्या पोटाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. लबाडीतही पोरगी शिस्तीची, हे त्यांना मान्य करावं लागलं. ठसे संपेपर्यंत ते गारगोट्या वेचून आपल्या पिशवीत टाकत राहिले. घरी जाताना त्यांनी पिशवी बेस्टजवळच्या कालव्यात रिकामी केली.

“चेहरा का असा?” जयंतीबाईंनी विचारलं.

“माणसं ओळखता येत नाहीत, जयंती.”

“आता कोणाला विसरलात?”

नीळकंठ न जेवता झोपले.

रविवारी रांग उभी राहिली. “काका, आज नीट बघा हं,” सुनीती म्हणाली.

“मी नेहमीच नीट बघतो,” नीळकंठ तिच्या डोळ्यांत बघत म्हणाले.

रांग या टोकाहून त्या टोकाला गेली. झेंडी लागली नाही.

“काहीच दिसलं नाही?” तिचा आवाज उतरला होता.

“दिसण्यासारखं काही नव्हतंच.”

ती पांढरीफटक पडली. नीळकंठांना तिची कीव आली, आणि आपल्या मोठ्या मनाचं थोडं कौतुकही वाटलं.

दुपारी सगळे बाकांवर जमले. मारैके बाई आल्या. सुनीती उभी राहिली.

“काल संध्याकाळी मी स्वतः घडवलेल्या गारगोट्या तुमच्या पट्ट्यांत ठेवल्या होत्या,” ती म्हणाली.

कबूल करतेय. नीळकंठांचे डोळे भरून आले.

“मारैके बाईंच्या परवानगीनं. अशा पाहणीची ती पद्धतच असते, चालणाऱ्यांची परीक्षा घ्यायची, त्यांना न सांगता. तुम्हाला त्या दिसल्या असत्या, तर बाकीची वाळू खरोखर रिकामी आहे, इथं माणूस कधी राहिलाच नाही, हे सिद्ध झालं असतं. माझा सगळा प्रबंध त्यावर होता. पण एकही दिसली नाही. म्हणजे खऱ्या असत्या, तरी आपल्याला दिसल्या नसत्या.”

डच माणसं नाही म्हणायला वेळ लावत नाहीत. मारैके बाई जागच्या जागी नाही म्हणाल्या, सुनीतीशी हात मिळवला आणि सायकलकडे गेल्या.

सुनीती नीळकंठांशेजारी येऊन बसली.

“सगळ्यात मोठी तुमच्या पट्ट्यात ठेवली होती, काका. म्हटलं, बाकी कोणाला नाही तरी काकांना दिसेल.”

नीळकंठांनी बूट काढून पुन्हा झटकला.

तिनं डोळे पुसले, फोनवर नकाशा उघडला आणि उठून उभी राहिली. “संरक्षित जागा आहे, एकही मागं सोडून चालणार नाही. प्रत्येकीची जागा यात आहे. येता का जरा वेचू लागायला? आणि काका, चष्मा असेल तर घाला.”