पंपाचे आठ तास

"तुझ्या घरात इथून वायर ओढलीस का रे, परशुराम?" विजेचं भरमसाट बिल पुढे धरून सामंतबाईंनी विचारलं. किहीमचा त्यांचा बंगला आणि तिथला पोहण्याचा तलाव परशुराम ठाकूर नऊ वर्षं सांभाळत होता. मागे त्याची बायको मंदा अंगण झाडत होती. तिचा हात थांबला.

परशुराम एवढंच म्हणाला, "वायरमन बोलवा, बाई. माझं घर पण तपासू दे."

वायरमन मोकलने दोन्हीकडचे मीटर पाहिले, तारा पाहिल्या. काहीच निघालं नाही. मग त्याने तलावाच्या पंपाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हा बंद कधी करता?"

"कधीच नाही. पाणी हिरवं दिसता कामा नये, पंप चालूच ठेव, असं यंदा बाईंनीच सांगितलंय."

"एवढ्याशा तलावाला आठ तास पुष्कळ झाले," म्हणत मोकलने टायमर बसवला.

पुढचं बिल निम्म्यावर आलं आणि पाणीही नितळ राहिलं. बाई खुशीत आल्या. "वायरमन बोलवायचं तूच सुचवलंस म्हणून हे झालं. बोल, काय देऊ तुला?"

"काही नको, बाई. पण मी वायर ओढली नव्हती, एवढं मंदाला सांगा. त्या दिवशी तिने ऐकलंय सगळं."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी चपला घातल्या आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या बंगल्यामागच्या परशुरामच्या दोन खोल्यांपाशी गेल्या.

"मंदाताई," त्यांनी दारातून विचारलं, "आत येऊ का?"