मादी उंदरांचा प्रश्न

"उंदीर म्हणजे काही माणूस नव्हे, बाई," औषधांना मंजुरी देणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

पडद्यावर मादी उंदराचं गर्भाशय होतं. पाळी जायच्या वयातल्या बायकांसाठी कंपनीने संप्रेरकाची नवी गोळी काढली होती. तेच औषध उंदरांना कितीतरी महिने खाऊ घातलं होतं. आधी गर्भाशयाचं अस्तर जाड झालं, मग त्यात गाठी धरल्या. पुढे स्तनांतही धरल्या. प्रयोगशाळेतल्या बाईंनी प्रत्येक गाठ स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. त्यांची थोरली बहीण मात्र दर फोनला विचारायची, "कधी येतेय गं तुमची गोळी?" बाई विषय बदलायच्या.

"औषध न दिलेल्या माद्या ठणठणीत आहेत, सर," बाई म्हणाल्या.

"डोसच भरमसाट दिला असेल," एक सदस्य म्हणाले.

"आणि माद्यांचं काय हो, त्यांचं काही ना काही चालूच असतं," दुसरे म्हणाले. सगळे हसले. समितीत सगळे पुरुषच होते, त्यामुळे हसण्यात एकमत होतं. कंपनीचे संचालक तर मंजुरी खिशात पडल्यासारखे खुशीत होते. डबीवर बारीक अक्षरांत एक सूचना छापली की झालं, असं ठरतही आलं. पालथ्या घड्यावर पाणी!

बाईंना रडू येईलसं वाटलं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"अजून एक चित्र राहिलंय."

औषध कुणासाठीही असो, नियमाप्रमाणे ते नर उंदरांनाही द्यावं लागतं. हे चित्र नेहमी शेवटी असायचं आणि तोवर बैठक जेवायला उठलेली असायची.

"हे नरांचे वृषण. डावीकडचे औषध न दिलेल्याचे, उजवीकडचे दिलेल्याचे."

उजवीकडचे आक्रसून निम्म्याहून लहान झाले होते. एकात गाठही होती.

समितीतल्या एकेकाने हळूच पायावर पाय चढवला.

"बंद करा!" अध्यक्ष ओरडले. "आजच्या आज बंद करा ही गोळी!"

"पण साहेब," संचालक चाचरले, "ही तर बायकांनी घ्यायची आहे."

"असू द्या! घरात औषधांचं कपाट एकच असतं. चुकून माझ्या पोटात गेली म्हणजे?"